बिऱ्हाड पाठीवर : बेला गुटमनची प्रशिक्षकी

बेला गुटमनचे नाव निघाले की आधी बेनफिकाच्या शापाची गोष्ट येते. लागोपाठ दोनदा युरोपियन चषक जिंकून दिल्यावर १९६२ साली त्याने जादा मोबदला मागितला, तो नाकारला गेला, आणि पुढची शंभर वर्षे तुम्हाला हा चषक मिळणार नाही असे बजावून तो निघून गेला, असे सांगतात. त्यानंतर बेनफिका युरोपीय स्पर्धांचे आठ अंतिम सामने खेळला आणि आठही हरला. गोष्ट रंगते खरी. पण तिच्याआड माणूस झाकला जातो.

गुटमन १८९९ सालचा, बुडापेस्टचा, ज्यू. व्हिएन्नाच्या हाकोआ या ज्यू क्लबातून खेळताना त्याने १९२५ साली ऑस्ट्रियाचे अजिंक्यपद मिळवले. १९३८ मध्ये नाझींनी तो क्लबच बंद केला. गुटमन हंगेरीत परतला आणि १९३९ मध्ये उयपेश्तला देशाचे अजिंक्यपद व मित्रोपा चषक जिंकून दिला. पण तोवर हंगेरीतही ज्यूविरोधी कायदे आले होते. यशस्वी प्रशिक्षकाला काम उरले नाही. १९४४ च्या अखेरीस श्रमछावणीतून, हद्दपारीच्या तोंडावर, तो एर्नो एर्बस्टाइन या दुसऱ्या प्रशिक्षकासोबत निसटला. वडील आणि बहीण मात्र वंशसंहारात गेली. एर्बस्टाइन पुढे तोरिनो संघाबरोबर १९४९ च्या सुपेर्गा विमान अपघातात गेला.

युद्धानंतरचा हिशेब पाहा. रुमानियात चलनाला किंमत नव्हती, म्हणून पगार भाजीपाल्याच्या रूपात घेतला, अशी आठवण सांगितली जाते. किश्पेश्तमध्ये पुष्काशने ऐन सामन्यात त्याचा हुकूम मोडला, तर नोकरीच सोडली. १९५५ मध्ये मिलान गुणतक्त्यात पहिला असताना त्यालाच काढले. मग साओ पाउलो, पोर्तो, बेनफिका. दहाहून अधिक देश, पण मुक्काम क्वचितच तीन वर्षांचा. तिसरे वर्ष प्रशिक्षकाचा घात करते, असे तोच म्हणत असे: खेळाडू सैलावतात आणि प्रतिस्पर्ध्यांना डाव कळतो.

अभ्यासक याला त्याचे तत्त्वज्ञान मानतात. मला ते अर्धेच पटते. ज्याच्या हातचे काम जिंकल्यावरही गेले, तो माणूस दुसऱ्याने काढण्याआधी स्वतःच निघायला शिकला असावा. पैशावरून घासाघीस करणे हाही मला लोभ वाटत नाही. बिऱ्हाड पाठीवर असलेल्याला हातात रोकड लागते.

शापाचे म्हणाल, तर हाच गुटमन १९६५ मध्ये बेनफिकाचा प्रशिक्षक म्हणून परत आला होता. एका हंगामापुरता. १९८१ साली तो व्हिएन्नात वारला. १९९० चा अंतिम सामना त्याच शहरात होता. युसेबियोने त्याच्या थडग्यापाशी जाऊन प्रार्थना केली असे म्हणतात. बेनफिका एका गोलने हरला. जिंकला तो मिलान.