सही सिस्टरची

३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओचा रविवार होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी गावी त्या दिवशी पाच वर्षांखालच्या बारा मुलांच्या तोंडात लसीऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. चूक लक्षात आल्यावर मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवलं. सुदैवाने सगळी वाचली. बूथ भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतला. डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि आशा कार्यकर्ती अशा तिघांवर निलंबनाची कारवाई जाहीर झाली आणि बातमी देशभर गेली.

पोलिओच्या कुपीवर एक छोटा गोल असतो, त्याच्या आत फिकट चौकोन. उष्णतेने लस खराब होत गेली की चौकोन गडद होतो. तो भोवतीच्या गोलाइतका गडद झाला की कुपी वापरायची नाही. म्हणजे कुपी डोळ्यांसमोर धरून पाहणं हा त्या कामाचाच भाग आहे. ते झालं असतं तर भलती बाटली मुलाच्या तोंडापर्यंत पोचलीच नसती. चूक हाताळणाऱ्यांची, यात वाद नाही. पण कोविडच्या नियमांमुळे बूथवर सॅनिटायझर ठेवावंच लागत होतं. लसीच्या शेजारी ते कुठे ठेवायचं आणि किती अंतरावर, हे पाहणं बूथ आखणाऱ्यांचंही काम होतं. परिचर्येतली नीती, कायदा आणि नेतृत्व हे तीन विषय नर्सिंगच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात. बूथच्या त्या टेबलावर ते एकत्र आले होते.

याच जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला झरी जामणी तालुक्यातलं मुकुटबन आहे. सिमेंटचा कारखाना, कोळशाचा पट्टा, माजरी-आदिलाबाद मार्गावरचं स्टेशन, कापसाची वावरं आणि आजूबाजूला कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. आदिवासी भागासाठी सरकारी निकष असा, की वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र. केंद्रात डॉक्टर असतात. उपकेंद्रात असते ती एएनएम, म्हणजे गावाची सिस्टर.

समजा, दिवस भरलेली बाई झटके येत असताना उपकेंद्रात आणली. सिस्टरने डॉक्टरची वाट पाहायची नाही. रेफर करण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, तिनेच द्यायचा, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना आहे. मग चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ लिहायची, म्हणजे पुढे वणीच्या रुग्णालयातल्या डॉक्टरला पुढचा डोस ठरवता येतो. वणीहून पुढे चंद्रपूर किंवा यवतमाळ. एवढ्या प्रवासात त्या बाईच्या हकिगतीचा एकमेव पुरावा म्हणजे ती चिठ्ठी. वेळ लिहायची राहिली तर दिलेला डोस दिला नाही असंच धरलं जाऊ शकतं. तो दुसऱ्यांदा दिला जाण्याचा धोका पेशंटला, आणि चौकशी लागली की उत्तर सिस्टरला द्यायचं.

कायद्याच्या दृष्टीने ती नुसती डॉक्टरचा हात नव्हे. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ नुसार तिची स्वतःची नोंदणी असते आणि ती काढूनही घेतली जाऊ शकते. ‘डॉक्टरांनी फोनवर सांगितलं’ हा बचाव कागदावर नसेल तर लंगडाच ठरतो. म्हणून तोंडी ऑर्डर घेतली तर ती परत म्हणून दाखवायची, लिहायची आणि नंतर डॉक्टरची सही घ्यायची, असं प्रत्येक नर्सिंग शाळेत घोकवून घेतात. रात्रपाळीत एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असला की सहीचं काम सकाळवर जातं.

गंमत, म्हणजे कडवट गंमत, नव्या फौजदारी कायद्यात आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर जास्तीत जास्त दोन वर्षं कैद होती, आरोपी कुणीही असो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. उपचार करताना असा मृत्यू झाला तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला मात्र दोन वर्षांचीच मर्यादा ठेवली. तो कोण, हे कलमातच स्पष्ट केलंय: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य पदवी असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकेचं नाव त्या वहीत नसतं. एकाच खाटेशी, एकाच चुकीसाठी डॉक्टरला दोन वर्षांची कमाल आणि सिस्टरला पाच. हे संसदेने ठरवून केलं की अनवधानाने, कोण जाणे. पण शब्द तसे आहेत.

दोष सिस्टरवर येण्याचा चटका विदर्भाला आधीच बसला होता. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. सिव्हिल सर्जन निलंबित झाले, परिचारिकांवरही प्रशासकीय कारवाई झाली आणि फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. आगीच्या वेळी कक्षात कोण होतं, हा प्रश्न योग्यच आहे. पण वायरिंग तपासणं, अग्निशमनाची यंत्रणा बसवणं, त्यासाठी निधी मंजूर करणं, यांतलं काहीही वॉर्डातल्या सिस्टरच्या अधिकारात येत नाही.

नेतृत्वाचा मुद्दा इथे येतो. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची शिडी आहे. पण वर चढल्यावर हातात येतं ते बरंचसं ड्यूटी लावणं आणि रजा सांभाळणं. खरी इन्चार्ज ओळखायची ती बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरचा प्लग तापतो हे अपघाताआधी लिहून देणारी, आणि त्या पत्रावर कार्यालयाचा आवक क्रमांक घेतल्याशिवाय न परतणारी. कंत्राटावर असलेल्या मुलीकडून हे धाडस अपेक्षित धरणं सोपं आहे. तिचं कंत्राट पुढच्या वर्षी कुणाच्या सहीने वाढतं, तेही पाहावं. बाह्यस्रोतामार्फत भरतीच्या विरोधात २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. त्याची चर्चा पगारापुरती झाली, पण सुरक्षिततेचा प्रश्न त्यात होताच.

ठामपणाचं मोठं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तिथल्याच परिचारिकेवर सफाई कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. अन्न बंद करून त्यांना जाऊ द्यावं, अशी याचिका सुप्रीम कोर्टात आली तेव्हा केईएमच्या कर्मचाऱ्यांनी विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात कोर्टाने विशिष्ट परिस्थितीत निष्क्रिय इच्छामरणाला वाट दिली, पण अरुणांची ‘जवळची व्यक्ती’ म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मानलं. परिचारिकांची भूमिका सगळ्यांना पटेल असं नाही. पण रोज अंग पुसणाऱ्या माणसाच्या मताला एवढं वजन मिळण्याचा प्रसंग विरळाच.

झरी जामणीत नीतीचा पेच वेगळा आहे. या तालुक्यातल्या आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षं बातम्यांत येतो. पोडावरची अल्पवयीन मुलगी गरोदर आहे, हे बहुतेकदा सगळ्यात आधी आशाला किंवा सिस्टरला कळतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. कळवलं तर पोडावरच्या पुढच्या मुली सिस्टरकडे यायच्या थांबतील आणि बाळंतपणं घरीच होतील, ही भीतीही खोटी नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या संदर्भात यावर तोड काढली: मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर पोलिसांना माहिती देताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. ही मुभा नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला आहे. सिस्टरचा उल्लेख त्यात नाही.