पळणाऱ्या तुकडीत पहिला थांबतो कोण?

मागच्या भागात आपण मिलेटसच्या थेलीसपाशी थांबलो होतो. सगळ्याचं मूळ पाणी, असं तो म्हणाला. त्याच गावचा अ‍ॅनॅक्सिमिनीस म्हणाला, हवा. दोघांचं उत्तर आज टिकत नाही, पण प्रश्न टिकला: सगळं बदलतं, मग बदलाच्या मुळाशी काय असतं? त्याला ग्रीक शब्द आहे 'आर्खे'. अर्थ दोन, आरंभ आणि हुकमत. फौजीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

अ‍ॅरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) विचारतो, वस्तूचं खरं असणं कशात? त्याचा शब्द 'ऊसिया', 'असणं' या क्रियापदातून आलेला. आपण त्याला द्रव्य किंवा सत्त्व म्हणतो. 'मेटाफिजिक्स'च्या सातव्या पुस्तकात तो एक प्रयोग करतो. वस्तूचे गुण काढत चला, मग लांबी, रुंदी, खोलीही काढा. खाली जे उरतं त्याकडे बोट दाखवून 'हे अमुक' असं म्हणता येत नाही. म्हणजे नुसतं खाली खाली खणून ऊसिया सापडत नाही.

मग तो अक्षरांकडे वळतो. 'ब्' आणि 'आ' मिळून 'बा' होतो. तोडलात तर 'ब्' उरेल, 'आ' उरेल, 'बा' उरणार नाही. म्हणजे 'बा'मध्ये या दोन ध्वनींखेरीज आणखी काही आहे, आणि ते तिसरा ध्वनी नाही. असतं तर त्यालाही कशाने जोडलं, असं विचारावं लागलं असतं. ते आहे रूप, घडण. आठशे माणसं मैदानात जमवली म्हणून पलटण होत नाही, हे मला त्यामुळे चटकन कळलं. (पलटणीला ऊसिया म्हणायला मात्र अ‍ॅरिस्टॉटल कचरला असता. त्याच्या लेखी तो मान मुख्यतः सजीवांचा.)

आता अवघड भाग. मूलतत्त्वं कळतात कशी? सिद्ध करायला आधी दुसरं काही सिद्ध हवं, त्याआधी तिसरं, याला अंत नाही. 'पोस्टीरिअर अ‍ॅनालिटिक्स'च्या शेवटच्या प्रकरणात तो लढाईचा दाखला देतो. सैन्य पळत सुटलंय. एक जण थांबतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि मूळची रचना पुन्हा उभी राहते. तसंच ज्ञानाचं. डोळ्यांसमोरून अनुभव धावत असतात. एक स्मरणात ठरतो, त्याच्याशेजारी दुसरा, आणि कॅलियास नावाचा एक माणूस पाहता पाहता 'माणूस' ही कल्पना उभी राहते.

सुंदर आहे. पण पहिला का थांबतो?

एका रात्रीच्या सरावात माझी तुकडी वाट चुकून विखुरली होती. चूक माझीच, नकाशा मी वाचला होता. एक नायक एका झाडापाशी नुसता उभा राहिला. तासाभरात सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. का थांबलास, विचारलं तर म्हणाला, "साहेब, पुढं जाण्यात काही अर्थ दिसंना."

अ‍ॅरिस्टॉटलचं उत्तरही फार वेगळं नाही. मनाची घडणच अशी आहे की त्याला हे जमतं, एवढंच तो म्हणतो. मला ते कारण वाटत नाही, नुसती नोंद वाटते. तरी त्याच्याहून बरं उत्तर माझ्याकडेही नाही.