वक्र अवकाश गोल केव्हा ठरतो?

अवकाशाच्या बाहेर न पडता, आतूनच वक्रता मोजत त्याचा अख्खा आकार सांगता येईल का? रीमानी भूमितीतले ‘गोल प्रमेय’ नेमके हेच करते. विसाव्या शतकातल्या भूमितीत याहून देखणे प्रमेय मला तरी दिसत नाही.

दोन मितींत

गाउस-बॉने सूत्रानुसार दोन बाजू असलेल्या बंद पृष्ठाची एकूण वक्रता फक्त भोकांच्या संख्येवर ठरते. गोलाची 4π, मेदूवड्याची शून्य. त्यामुळे वक्रता सगळीकडे धन असेल, तर ते पृष्ठ गोलच.

पाव हिश्श्याची अट

वरच्या मितींत एकाच बिंदूपाशी वेगवेगळ्या प्रतलांत वेगवेगळी वक्रता निघते. हिला छेदवक्रता म्हणतात. ती नुसती धन असून भागत नाही. 1951 साली हॅरी राउच यांनी दाखवले की किमान वक्रता कमाल वक्रतेच्या साधारण पाऊणपट असली, तर गोल मिळतो. 1960च्या सुमारास मार्सेल बर्जर आणि विल्हेल्म क्लिंगेनबर्ग यांनी ही मर्यादा पावापर्यंत खाली आणली. अवकाश परिपूर्ण हवा, म्हणजे त्यातली लघुतम रेषा कुठेही मध्येच संपता कामा नये; त्यातला प्रत्येक बंद फास आकसत बिंदू व्हायला हवा आणि छेदवक्रता 1/4 हून जास्त, पण फार तर 1 हवी. यात ढिलाई चालत नाही: संमिश्र प्रक्षेपी प्रतलाची वक्रता बरोबर 1/4 ते 1 असते आणि ते गोल नाही.

सिद्धतेचा गाभा

परस्परांपासून सर्वांत दूरचे दोन बिंदू घ्या. एका बिंदूतून निघालेल्या लघुतम रेषा π अंतराच्या आत पुन्हा एकमेकींना भेटत नाहीत, हे क्लिंगेनबर्ग यांचे काम. म्हणून प्रत्येक बिंदूभोवती स्वच्छ चकती मिळते. वक्रता 1/4 हून जास्त असल्याने या दोन चकत्या मिळून सगळा अवकाश झाकतात. दोन चकत्या कडेने जोडल्या की गोल तयार!

गुळगुळीतपणाचे काय?

1956 साली जॉन मिल्नर यांनी सात मितींत असे अवकाश दाखवले, जे टोपॉलॉजीच्या दृष्टीने गोल आहेत, पण ज्यांची कलनाची रचना गोलाहून निराळी आहे. मग पावाची अट पाळणारा अवकाश असा विचित्र निघेल का? जवळजवळ अर्धशतक हा प्रश्न लटकला. 2007 मध्ये सायमन ब्रेंडल आणि रिचर्ड शोएन यांनी रिचर्ड हॅमिल्टन यांचा रिची प्रवाह वापरून ‘नाही’ असे सिद्ध केले. या प्रवाहात वक्रता हळूहळू सगळीकडे सारखी होत जाते.

उरलेला प्रश्न

दोन गोलांच्या गुणाकारातून बनलेल्या चार मितींच्या अवकाशावर सर्वत्र धन छेदवक्रता आणता येते का? हाइन्झ हॉफ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रश्न अजून सुटलेला नाही.