दोन रात्री, एक बोट आणि आपला ग्रुप

गोव्याचा प्लॅन ठरणं आणि फिसकटणं ही कॉलेजमधली फार जुनी परंपरा आहे. हल्ली तिची नवी आवृत्ती आली आहे. कुणीतरी रात्री साडेअकराला ग्रुपवर टाकतं, 'या वेळी बसने नाही, ट्रेनने नाही. क्रूझ!' लगेच अंगठे, बदाम, नाचणारे इमोजी. कुणी 'आपण तर फायनल' म्हणून मोकळं होतं. आणि एक जण गप्प असतो. मेसेज वाचलेला असतो, पण उत्तर नसतं.

क्रूझचा प्लॅन खरं तर त्या गप्प बसलेल्यापासून सुरू करायला हवा.

कॉन्ट्री आधी, उत्साह नंतर

जाहिरातीतला आकडा बघून हुरळून जाऊ नका. तो सहसा माणशी असतो आणि एका केबिनमध्ये किमान दोघं राहतील असं धरलेला असतो. त्यात राहणं, ठरलेल्या रेस्टॉरंटमधलं जेवण, थिएटरमधले शो आणि स्विमिंग पूल येतात. बंदराचं शुल्क, सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी मिळवला की आकडा फुगतो. वायफाय, खास रेस्टॉरंट, ड्रिंक्स, गोव्यात उतरल्यावरची सहल, बोटीवरच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळेच. म्हणून बुकिंगच्या शेवटच्या पानावरचा आकडा घ्या, त्यात घर ते बंदर आणि परत येण्याचं भाडं मिळवा आणि मग तो ग्रुपवर टाका.

खिडकी नसलेली आतली केबिन सगळ्यात स्वस्त पडते. चौघांनी एक केबिन घेतली तर तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बऱ्याचदा कमी लागतं. सुट्ट्या आणि वीकेंड टाळले तर आणखी फरक पडतो. एवढं करूनही कुणाला परवडत नसेल, तर त्याला सगळ्यांसमोर 'अरे चल रे, बघू नंतर' म्हणू नका. वेगळं विचारा. 'नंतर' हा शब्द ज्याच्याकडे पैसे असतात त्यालाच सोपा जातो.

आणि दोघा-तिघांचं जमतच नसेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो आहेच. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही बोट साधारण तासाभरात पलीकडे पोचवते. समुद्र तोच, वारा तोच, आणि ग्रुप अख्खा.

चढल्यावर पहिलं काम

बंदरावर विमानतळासारखंच असतं. ओळखपत्र, सामानाची तपासणी, फोटो, मग एक कार्ड हातात पडतं. बोटीवर तेच खोलीची किल्ली असतं आणि तेच पाकीटही. प्रत्येक खरेदी त्यावर चढते आणि बिल शेवटी येतं. रोज रात्री एकदा रिसेप्शनवर आपला आकडा विचारून घ्या.

मग सेफ्टी ड्रिल. सगळ्यांना आपापल्या मस्टर स्टेशनवर जावं लागतं. तिथे लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात आणि सात छोटे, एक लांब असा भोंगा वाजला तर काय करायचं ते सांगतात. रील काढत हे ड्रिल उरकण्याचा मोह होतो. पण १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटली तेव्हा त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल व्हायचं बाकी होतं. तेव्हाच्या नियमात त्याला चोवीस तासांची मुभा होती. त्या अपघातात ३२ माणसं गेली. आता बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ड्रिल घेणं बंधनकारक आहे. पंधरा-वीस मिनिटं फोन खिशात राहू द्या.

रेंज गेली, आता काय?

किनारा मागे पडला की मोबाइलच्या काड्या एकेक करून गळतात. इथे एक सापळा आहे. मोठ्या बोटींचं स्वतःचं उपग्रहावर चालणारं नेटवर्क असतं. तुमचा फोन रोमिंगवर असेल तर आपोआप त्याला चिकटतो आणि बिल बघून घरचे हादरतात. बोट सुटताना फोन फ्लाइट मोडवर टाका. घरी आधीच सांगून ठेवा, 'उद्यापर्यंत फोन लागणार नाही, काळजी करू नका.'

दुसरी भीती बोट लागण्याची. तुमचा आतला कान सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोटात ढवळतं. अशा वेळी केबिनमध्ये लोळत फोन बघणं सगळ्यात वाईट. डेकवर या, वारा घ्या, क्षितिजाकडे बघत राहा. बोट पुढच्या टोकाला जास्त आणि मधोमध, खालच्या मजल्यावर कमी हलते. म्हणजे ती स्वस्तातली आतली केबिन मधल्या भागात मिळाली तर फायदाच. नेहमी त्रास होणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, उलटी झाल्यावर नव्हे.

खरी परीक्षा मात्र वेगळीच असते. चार जण, एक चिमुकली केबिन, एक बाथरूम आणि दोन रात्री. हॉस्टेलवर भांडण झालं तर माणूस चहाच्या टपरीवर निघून जातो. इथे दार उघडलं की लांबलचक पॅसेज आणि त्यापुढे समुद्र. म्हणून एक करार करा. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं नाही. ज्याला डीजेपाशी नाचायचंय त्याने नाचावं, ज्याला डेकवर एकटं बसायचंय त्याला बसू द्यावं. रात्रीचं जेवण तेवढं सगळ्यांनी मिळून. ग्रुप टिकतो तो अशा मोकळीकीवर.

बंदर आलं, घड्याळ लावा

गोव्याला जाणारी मोठी बोट मुरगाव बंदरात लागते, म्हणजे वास्कोला. पणजी तिथून साधारण तीस किलोमीटर आणि कळंगुट-बागा त्याच्याही पुढे. हातात दिवसाचे मोजके तास असताना बागाच्या मागे लागलात तर अर्धा दिवस टॅक्सीत जाईल. त्यापेक्षा वास्कोचा मासळी बाजार बघा, बोगमाळोचा किनारा गाठा. त्याच वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सुट्टीचा वार तेवढा आधी तपासा. एखाद्या साध्या खाणावळीत फिश थाळी मागवा. आणि बोटीवर परतायची जी वेळ सांगितली असेल, तिच्या तासभर आधीचा अलार्म लावा. बोट कुणासाठी थांबत नाही. राहिलात तर स्वतःच्या खर्चाने घरी या.

लक्षद्वीपची ट्रिप घेतलीत तर वेगळाच अनुभव. अगत्तीला मोठी बोट प्रवाळाच्या बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या होड्या तुम्हाला किनाऱ्यावर नेतात. तिथे जायला परवाना लागतो. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

भर समुद्रात होडीत उतरायचं हे ऐकून आजी-आजोबांना नवल वाटणार नाही, विशेषतः ते कोकणातले असतील तर. त्यांच्या काळात भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, पणजीकडे बोटी जायच्या. डेकवर वळकटी पसरून लोक झोपायचे आणि आपलं गाव आलं की पडावात उतरून किनारा गाठायचे. ती त्यांची चैन नव्हती, गरज होती. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांत तिची आठवण अजून निघते. निघण्यापूर्वी घरी एकदा विचारून बघा. बोटीच्या गोष्टी बऱ्याच घरांत असतात, विचारणारं कुणी नसतं.

बोट चालवतं कोण?

२०२१ पासून मुंबईहून ये-जा करणारी 'एम्प्रेस' १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेरला बांधली गेली. तेव्हा तिचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं आणि ती मुद्दाम तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच तयार केली होती. लांबी दोनशे दहा मीटरच्या आसपास, अकरा डेक. हे तरंगतं गाव चालवणारी माणसं मात्र तुम्ही झोपता त्याच्याही खालच्या मजल्यांवर राहतात.

तुमची चादर बदलणारा, प्लेट उचलणारी, स्टेजवर नाचणारे यांच्यातले बरेच जण तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. त्यांचं कंत्राट अनेक महिन्यांचं असतं. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, यावरूनच त्यांच्या दिवसाचा अंदाज घ्या. तुमचा वीकेंड तो त्यांचा सगळ्यात जास्त कामाचा दिवस. त्यांचं नाव बिल्ल्यावर लिहिलेलं असतं, नावाने हाक मारा. रिकाम्या वेळी विचारा, 'या कामात कसे आलात?' हॉटेल मॅनेजमेंट, इंजिनीअरिंग, नॉटिकल सायन्स, संगीत असं काही शिकत असाल, तर करिअरच्या एखाद्या सेमिनारपेक्षा इथे जास्त कळेल.

परतीच्या रात्री जागरण होणारच. तरी कुणीतरी एकाने पहाटेचा अलार्म लावून सगळ्यांना उठवा आणि अंथरुणातून निघाल तसेच वर या. दूरवर खांदेरीच्या दीपस्तंभाचा उजेड फिरताना दिसेल, मग कुलाबा, मग एकेक करून उंच इमारती. मुंबई तुमच्याकडे चालत आल्यासारखी येते. थोड्याच वेळात रेंज येईल आणि दोन दिवसांचे मेसेज धडाधड कोसळतील. त्याआधीची ती दहा-पंधरा मिनिटं फोन न काढता एकमेकांच्या शेजारी उभे राहा. पुढच्या वर्षी कोण कुठल्या शहरात असेल, कुणास ठाऊक.