धूर नाही, म्हणून धोका नाही?

थंडी पडली की हे वाक्य माझ्या कानावर येतंच. हॉलच्या मधोमध फरशीवर जुनी परात, परातीत लोखंडी शेगडी, शेगडीत रसरशीत निखारे. मुलं सळईला मार्शमेलो टोचून बसलेली, बशीत बिस्किटं आणि चॉकलेटच्या वड्या मांडलेल्या, गार वारा नको म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. मी खिडकी उघडायला उठले की घरातलं कोणीतरी समजुतीच्या सुरात सांगतं, "अहो ताई, धूर दिसतोय का कुठे? कोळसा छान फुललाय. आता काही धोका नाही."

आहे. आणि तो फुललेल्या कोळशाचाच आहे.

धूर म्हणजे अर्धवट जळालेले बारीक कण. ते डोळ्यांना झोंबतात, खोकला आणतात, म्हणून आपण उठून बाहेर जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो झोंबतही नाही. शेगडीत खालून हवा शिरते, तळाचा कोळसा जळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या लालबुंद निखाऱ्यांमधून जाताना तिथल्या कार्बनशी संयोग पावतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर निळसर ज्योती थरथरताना पाहिल्यात ना? तिथे हाच वायू जळत असतो. निखाऱ्यांवर राख धरली की त्या ज्योती विझतात. वायू मात्र निघत राहतो आणि न जळता खोलीत मिसळतो. आपण नेमकं तेव्हाच म्हणतो, "आता झकास निखारे झाले, मार्शमेलो काढा!" भाजायला ती वेळ उत्तमच असते, कारण आच सारखी लागते. पण गच्चीवर, अंगणात. बंद खोलीत नाही.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ताकदीने चिकटतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी या विषबाधेचं मूळ रक्तात आहे हे 1857 साली दाखवलं. ही काही कालची माहिती नाही. हवेच्या हजार भागांत याचा एक भाग असला, तरी काही तासांत जवळजवळ निम्मं हिमोग्लोबिन अडकून पडतं. सुरुवात डोकेदुखीने होते. मग मळमळ, गरगरणं, हातापायांतली शक्ती गेल्यासारखं वाटणं. आपल्याकडे याची कारणं तयारच असतात: थंडीने डोकं धरलं, गोड जास्त झालं, पोरं दमली. पोरं दमली म्हणून त्यांना त्याच खोलीत निजवतात, याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. झोपेत हा वायू माणसाला जागं करत नाही.

"गॅस असता तर वास आला असता," हे दुसरं उत्तर. स्वयंपाकाच्या गॅसलाही मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. कोळशात ते कोण मिसळणार?

शेजारी पाण्याची बादली ठेवतात, तिचाही उपयोग नाही. हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो. खिडकीची फट पुरेशी नाही. धुराच्या अलार्मला हा वायू कळत नाही, त्याचा अलार्म वेगळा असतो. आणि करोनापासून घराघरांत आलेल्या ऑक्सिमीटरवर तर अजिबात विसंबू नका. बोटाला लावायचं ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं समजतं आणि गुदमरणाऱ्या माणसालाही 98 दाखवू शकतं.

यावर शेवटचा हुकमी एक्का निघतो: "अमेरिकेत भाचीकडे घरातच करतात की!" भाचीकडे भिंतीत फायरप्लेस आहे आणि तिच्यावर छपरापार गेलेलं धुराडं आहे. गरम हवा धूर आणि वायू दोन्ही वर ओढून नेते. निखारे धुमसत असताना धुराड्याची झडप लावायची नाही, हे तिथल्या मुलांनाही शिकवतात. आपल्या हॉलच्या छताला पंखा आहे, धुराडं नाही. आणि धुराडी, अलार्म सगळं असूनही आगीशी संबंध नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अपघाती विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी 400हून अधिक माणसं मरतात. हा आकडा तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा आहे. तिथे कोळशाच्या पिशवीवरच 'घरात पेटवू नका' असा इशारा छापावा लागतो.

मुळात स्मोअर्स, म्हणजे दोन बिस्किटांमध्ये चॉकलेटची वडी आणि भाजलेला मार्शमेलो, हा उघड्यावरचाच पदार्थ. 1927 साली गर्ल स्काउट्सच्या एका पुस्तकात त्याची कृती 'सम मोअर्स', म्हणजे 'अजून थोडे', या नावाने छापली गेली, ती शेकोटीभोवती बसणाऱ्या मुलींसाठी. घरातच करायचे असतील तर स्वयंपाकघरात, एक्झॉस्ट लावून, गॅसच्या मंद आचेवर एकेक भाजा. ओव्हनच्या ग्रिलखालीही होतात.

बाकीचे गैरसमज तेवढे जिवावरचे नाहीत. मार्शमेलो वनस्पतीपासून करतात, हे एकेकाळी खरं होतं: युनानी औषधांतल्या खतमीच्या मुळाचा चिकट द्रव त्यात असे. ती भेंडीच्याच कुळातली, म्हणजे तार कशी सुटत असेल ते ओळखा. आता त्याजागी बहुधा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांचं. शाकाहारी असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका पाहा. चॉकलेट वितळायला मोठी आच लागते, हेही चूक. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. वडी ठेवलेलं बिस्किट आचेजवळ कोमट करून घेतलं की पुरे. आणि वरून निवलेला मार्शमेलो आतही निवलेला असतो असं नाही. आतली साखर जिभेला चिकटून पोळते, मुलांना लगेच देऊ नका.

शेगडी घरात पेटलेली असताना एकाहून अधिक जणांचं डोकं दुखायला लागलं, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, मग दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना 'घरात कोळसा पेटवला होता' हे न विसरता सांगा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासात काम होतं. आणि गच्चीवरचा कार्यक्रम आटोपल्यावर, 'विझलीच आहे, थोडी ऊब आहे' म्हणून शेगडी खोलीत आणू नका. राखेखाली निखारा जिवंत असतो. सकाळपर्यंत ती गच्चीवरच राहू द्या.