पऱ्हाटी, पेंड आणि कोय

चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुंगारेश्वरचे जंगल आणि कामणदुर्ग मागे पडतात आणि गोदामे सुरू होतात. दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यातल्या खाचरांत भाताचा पेंढा असतो, डोंगराच्या अंगाला बांबू असतो आणि रस्त्यावरच्या ट्रकांत पुठ्ठ्याची खोकी, प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, भिवंडीच्या मागांवरचे कापडाचे तागे असतात. या सगळ्यांचे हाड एकच आहे : सेल्युलोज. मात्र ट्रकातल्या बोर्डात आणि खाचरातल्या पेंढ्यात एक मोठा फरक आहे. बोर्डात गोंद असतो आणि तो सहसा फॉर्मल्डिहाइडवर आधारलेला असतो. नैसर्गिक पदार्थांच्या विज्ञानाची गेल्या शंभर वर्षांतली वाटचाल पाहताना मला हा गोंद फार महत्त्वाचा वाटतो. तंतू निसर्गाचा आणि गोंद कारखान्याचा असेल, तर त्या वस्तूला नैसर्गिक म्हणायचे कसे?

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी 1838 मध्ये वनस्पतींच्या पेशीभित्तीतून सेल्युलोज वेगळे केले. पिष्टमय पदार्थांप्रमाणेच हीही ग्लुकोजचीच साखळी; फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी. तेवढ्या फरकामुळे भात आपल्याला पचतो आणि पेंढा फक्त गुराला. पिकलेल्या कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते, म्हणून त्याचा अभ्यास कापसापासून सुरू व्हावा हे स्वाभाविकच. आपल्याकडे तो माटुंग्यात सुरू झाला.

इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने 1924 मध्ये तिथे टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी उभी केली. आज तिला केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्था म्हणतात. जाणकारांच्या तोंडी ‘सिरकॉट’. पहिले संचालक ए. जे. टर्नर. त्यांच्या काळात या प्रयोगशाळेकडे एक विलक्षण नमुना आला : मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला कापडाचा तुकडा. ए. एन. गुलाटी आणि टर्नर यांनी त्याचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तो कापूसच असल्याचा आणि आपल्या देशी कापसाशी जवळचे नाते असल्याचा निर्वाळा दिला. गिरण्यांसाठी सूत तपासणाऱ्या माणसांनी सिंधू संस्कृतीच्या इतिहासात अशी भर घातली.

त्यांच्यानंतर आलेले नझीर अहमद हे केंब्रिजला रदरफोर्ड यांच्या हाताखाली काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. गुलाटी आणि अहमद यांनी तंतूच्या पक्वतेवर केलेले काम मला या संस्थेच्या सुरुवातीच्या काळातले सर्वांत देखणे काम वाटते. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलल्यावर ती आधी लांब होत जाते आणि मग आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर धरते. बोंड फुटले की आतली पोकळी सुकून चपटी होते आणि तंतूला पीळ पडतात. थर पुरते बसले नसतील तर तंतू कच्चा राहतो, नीट रंग धरत नाही, आणि रंगवलेल्या कापडावर पांढरे ठिपके उठतात. हे आधी कळायचे कसे? तंतू 18 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात फुगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे : काडीसारखे टणक झालेले पक्के, पातळ भिंतीचे फितीसारखे पडून राहिलेले ‘मृत’. रसायन साधे, हात मात्र सरावलेला लागतो. पुढे हेच नझीर अहमद 1956 मध्ये पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले.

अनेक दशके संशोधनाचा रोख गिरणीकडे राहिला. बाकीच्या झाडाकडे लक्ष गेले ते उशिरा. वेचणी संपल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. ती तशीच ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून उपटावी लागते आणि बहुतेक ठिकाणी बांधावर जाळली जाते. सिरकॉटने या पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र विकसित केले. नागपूरच्या केंद्रात त्याचे प्रात्यक्षिकही उभे केले. 2015 मध्ये माटुंग्यात दिवसाला 10 किलो क्षमतेचा नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. कापसाच्या आखूड तंतूंपासून केसाच्या हजारांश जाडीचे धागे काढायचे आणि ते कागद, रबर, प्लास्टिक यांना बळ देण्यासाठी वापरायचे, अशी ती कल्पना. काम भक्कम आहे. पण पऱ्हाटीच्या बोर्डातही चुरा बांधायला सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइडच लागतो, आणि याच फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले.

या कोड्याच्या दुसऱ्या टोकाला ज्यांनी हात घातला, त्यांत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे अनिल नेत्रावळी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांची पीएचडी नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाची. सुरुवातीचे काम कृत्रिम तंतूंचे : तंतू आणि रेझिन एकमेकांना किती घट्ट धरतात याचे मोजमाप. रेझिनच्या छोट्या पट्टीत एकच तंतू बसवायचा आणि पट्टी ताणायची. आतल्या आत तंतूचे तुकडे पडत जातात. तुकडे जितके आखूड, तितकी पकड घट्ट. ताकद तंतूत आहे तशीच दोघांच्या सांध्यातही आहे, हा धडा त्यांनी पुढे वनस्पतींच्या तंतूंना लावला.

नव्वदच्या दशकात ते अननसाच्या पानांच्या तंतूकडे वळले आणि जिवाणूंनी बनवलेल्या पॉलिएस्टरशी त्याची जोडी लावली. मग गोंदासाठी सोयाबीनचे प्रथिन घेतले. 2003 मध्ये ‘मटेरियल्स टुडे’ मासिकात सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी तंतू आणि रेझिन दोन्ही वनस्पतीजन्य असलेल्या ‘ग्रीन कंपोझिट’चा पुरस्कार केला. वापर संपल्यावर अशी वस्तू मातीत कुजली पाहिजे, ही त्यामागची भूमिका. मला त्यांचे आणखी एक काम फार जवळचे वाटते. आंब्याच्या कोयीतल्या पिठूळ गरापासून त्यांच्या गटाने रेझिन तयार केले आणि त्याला सूक्ष्म सेल्युलोज तंतूंची जोड दिली. कोकणात आणि रसाच्या कारखान्यांत कोयींचे ढीग पाहिलेल्याला यातले मोल वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय खाण्याच्या धान्याला हात लागत नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. सोयाचे रेझिन एकटे असले की ठिसूळ होते आणि पाणी पिते. नेत्रावळींच्या गटाने त्यात स्टिअरिक आम्ल, सूक्ष्म चिकणमाती, जिवाणूंपासून मिळणारा जेलॅन असे पदार्थ मिसळून ते बरेच सुधारले. तरी कोरड्या प्रयोगशाळेतला बोर्ड वेगळा आणि वसईच्या आषाढात भिंतीला टेकून उभा राहणारा बोर्ड वेगळा. ही परीक्षा इथल्याच हवेत घ्यावी लागेल. परदेशातल्या आकड्यांवर भागणार नाही. किमतीचे गणितही सोपे नाही : पऱ्हाटी विखुरलेली, वजनाला हलकी, वाहतुकीला महाग.

पण कच्चा माल पाहा. यवतमाळ-अमरावतीकडच्या एकाच शेतकऱ्याच्या रानात कापूस आणि सोयाबीन दोन्ही असतात. तेल काढल्यावर उरणारी पेंड म्हणजे गोंद आणि पऱ्हाटी म्हणजे तंतू. दोन्ही गोष्टींचे विज्ञान लिहून ठेवलेले आहे. एक माटुंग्यात, एक कॉर्नेलमध्ये. ते एकत्र आणण्याचे काम मात्र कुणी मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतलेले मला दिसत नाही.

कामण-भिवंडी पट्ट्यातल्या बोर्ड, खोकी आणि फर्निचरच्या कारखानदारांना म्हणूनच एक विनंती. सिरकॉट इथून दूर नाही आणि तंत्रज्ञान उद्योजकांच्या हाती देणे हे तिच्या कामातच बसते. एकदा जाऊन या, आणि बोर्डाचा भाव विचारण्याआधी गोंदाबद्दल विचारा.