बालकाचा श्वासमार्ग

आपल्या बऱ्हाणपूरचा १६१५ सालचा कुंडी भंडारा सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या भूमिगत वाहिनीत चुनखडीचे थर साचले की पाण्याची वाट अरुंद होते. बालकाच्या श्वासमार्गाचेही तसेच आहे. नवजात अर्भकाची श्वासनलिका जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर रुंद असते. ती रुंदी निम्मी झाली, तर संथ वाहणाऱ्या हवेस होणारा अवरोध सोळापट वाढतो.

ज्या बालकाच्या गळ्यात श्वासासाठी नळी बसविलेली असते, त्याचा कफ शोषणयंत्राने काढावा लागतो. हे यंत्र कफाबरोबर प्राणवायूही ओढून घेते. म्हणून एक खेप दहा सेकंदांत आटोपावी व पुढील खेपेपूर्वी बालकास विसावा द्यावा. शोषणाची नळी साधारणतः गळ्यातील नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून जाड नसावी. ती ठरलेल्या लांबीपलीकडे गेल्यास आतील नाजूक अस्तर सोलवटते. यंत्राचा दाब डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढाच ठेवावा. हात आधी स्वच्छ धुवावेत. ओठ निळसर दिसताच शोषण थांबवावे, शिकविल्याप्रमाणे प्राणवायू द्यावा आणि तत्काळ मदत मागवावी.

वाट मोकळी व्हावी, पण वाटेच्या भिंतीस इजा होऊ नये, हेच या शुश्रूषेचे मर्म होय.